नंबराचा तुकडा

लियाकत परकार चहा बसून पीत नाहीत. कप हातात घेऊन ते वर्कशॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतात, आणि वाटेत जी गाडी येईल तिच्या पत्र्यावरून मोकळा हात फिरवतात. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातलं आमचं वर्कशॉप जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देतं आणि लियाकतभाई तिथले सर्वांत जुने डेंटर. म्हणजे चेपलेला, सडलेला पत्रा ठोकून, कापून, जोडून सरळ करणारे. अकरा वर्षं मी त्यांच्या त्या फेऱ्या बघत आले आणि अकरा वर्षं मला वाटत आलं, की या माणसाला एकदा दोरीने खुर्चीला बांधून ठेवावं.

तो हात फक्त वर्कशॉपमध्ये फिरला असता तरी चाललं असतं. पण रोल्लाच्या बाजारात भाजी घ्यायला निघालेले लियाकतभाई रस्त्यावर उभ्या असलेल्या परक्या गाड्यांवरूनही हात फिरवत जातात. एकदा माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, सेकंडहँड गाडी घेतली. "एकदम क्लीन आहे, झीरो अॅक्सिडेंट," असं सांगत तो मोठ्या ऐटीत मला घ्यायला आला. लियाकतभाईंनी डिकीवरून तळवा फिरवला, थांबले आणि म्हणाले, "साहेब, हिला मागून ठोकलीय. डावीकडून. पुट्टी दोन बोटं जाड हाय." प्रकाश पुढचा महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. गाडी विकायला काढली तेव्हा तपासणीत तेच निघालं.

मी तिथे कागदांची बाई. गाडी कुठून आली, कुणाच्या नावावर होती, कस्टमला काय भरलं, तिला मुलकिया म्हणजे नोंदणीचं कार्ड कसं मिळणार, हे सगळं माझं. मी पुण्याची, स्वभावाने तापट, आणि माझ्या फायलीत एक पान उलटं लागलेलं मला खपत नाही. लियाकतभाई रायगडातल्या म्हसळ्याचे. मला ते ताई म्हणतात आणि मी रागावले की निमूट ऐकून घेतात, पण ऐकतानाही त्यांचा एक पाय हलत असतो.

यंदा ते साठ वर्षांचे झाले आणि कायमचे घरी निघाले. चौतीस वर्षं झाली त्यांना इथे येऊन. लग्नाला तेहेतीस. मैमुनाबी म्हसळ्यालाच राहिल्या. पहिली काही वर्षं त्यांना दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळायची, नंतर वर्षातून चाळीस दिवस. एकदा जेवणाच्या वेळी मी सहज बोटांवर मोजलं आणि मला धक्काच बसला. तेहेतीस वर्षांच्या संसारात ही दोन माणसं एका घरात राहिली ती सगळी मिळून जेमतेम तीन वर्षं. मी तो आकडा बोलून दाखवला, आणि लगेच जीभ चावली. लियाकतभाई डबा बंद करत म्हणाले, "आता राहू ना ताई. इन्शाल्ला, आता काय, रोजच." शुक्रवारी दुपारच्या विमानाचं तिकीट काढलेलं होतं. व्हिसा रद्द करायचे कागद मीच तयार करून ठेवले होते.

त्याच आठवड्यात मंगळवारी एमानच्या मस्टँगची तपासणी होती. पुढचं सगळं त्या गाडीवरून झालं, म्हणून तिची गोष्ट आधी सांगते.

एमान इथलीच, म्हणजे अमिराती, चाळिशीच्या आतली, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिच्या वडिलांकडे एकोणीसशे एकोणसत्तर सालची मस्टँग होती. वडील गेले आणि गाडी खोर फक्कानला, समुद्रासमोरच्या एका उघड्या शेडमध्ये बारा वर्षं पडून राहिली. आमच्याकडे ट्रकवरून आली तेव्हा लियाकतभाई सवयीने तिच्यावरून हात फिरवायला गेले आणि त्यांचं बोट पत्र्यातून आत गेलं. "ही गाडी नाय ताई," ते म्हणाले, "हा पापड हाय." खालचा पत्रा, दारांखालचे खांब, मागची चाकं झाकणारा भाग, सगळं खाऱ्या हवेने खाल्लं होतं.

अशा गाड्यांसाठी अमेरिकेत एक कंपनी नवी कोरी बॉडी बनवते. जुन्याच मापाची, जुन्याच घडणीची, पण पत्रा कालचा. एमानने ती मागवली. "साठ हजार दिऱ्हम, म्हणजे आपले जवळजवळ चौदा लाख, नुसत्या डब्याचे!" असं मी घरी सांगितलं तेव्हा माझी मुलगी अवनी म्हणाली, "आई, इट्स हर डॅड्ज कार. लेट हर." मुलांना सगळं सोपं वाटतं.

अवघड होता तो कायद्याचा प्रश्न. पिकअपसारख्या गाडीला खाली वेगळा सांगाडा असतो, नंबर त्या सांगाड्यावर असतो, वरचं काहीही बदला. या जुन्या अमेरिकन गाड्यांना तसा सांगाडा नाही. बॉडी हीच गाडी. तिचा नंबर पुढच्या चाकाशेजारी, इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. म्हणजे बॉडी फेकली की नंबरही गेला. नवी बॉडी येते ती बिननंबराची, आणि नंबर नाही तर मुलकिया नाही. मग इंजिन जुनं, गिअर जुने, सीट जुनी आणि बॉडी नवी अशी जी वस्तू तयार होते ती एकोणसत्तरची गाडी की यंदाची? या प्रश्नावर मी दीड महिना काउंटर झिजवले. तीन माणसांनी तीन उत्तरं दिली. शेवटी एका भल्या अधिकाऱ्याने मार्ग सांगितला. बॉडी बदलली हे लपवायचं नाही. जुनी बॉडी भंगारात चिरडायची, तसं सर्टिफिकेट आणायचं, काचेखालची नंबराची छोटी पट्टी जमा करायची. मग वाहतूक खातं स्वतः नवा नंबर ठोकून देईल आणि कार्डावर 'बॉडी बदललेली' असा शेरा मारेल.

एमान ऑफिसात आली तेव्हा मी तिला हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ओके शोभना, बट इज इट माय फादर्स कार ऑर नॉट?"

मी कागदांची बाई, मी कागदाचं उत्तर दिलं. इंजिन वडिलांचं, स्टिअरिंग वडिलांचं, पण नंबर नवा, त्यामुळे कागदावर ती गाडी वेगळी. तिचा चेहरा उतरला. दारात लियाकतभाई चहाचा कप घेऊन उभे होते. चौतीस वर्षांत त्यांचं अरबी माझ्या इंग्रजीपेक्षा चांगलं झालंय. ते तिला म्हणाले, तुमच्या वडिलांचीच राहील, इन्शाल्ला. मला वाटलं, म्हातारा मुलीची समजूत काढतोय. मी मान डोलवली आणि पुढच्या कागदाला लागले.

जुनी बॉडी पिकअपमधून भंगारवाल्याकडे गेली. त्याने चिरडलेल्या पत्र्याचा फोटो आणि शिक्क्याचं सर्टिफिकेट पाठवलं. त्या गोळ्यात नंबर कुठे आहे हे बघायची तसदी मी घेतली नाही. मी प्रतिज्ञापत्र टाइप केलं, 'जुन्या बॉडीवरील नंबर बॉडीसह नष्ट झाला आहे, नव्या बॉडीवर कोणताही नंबर नाही', आणि वर्कशॉपच्या वतीने खाली सही ठोकली. ठळक, वळणदार सही. मला माझ्या सहीचा जरा अभिमानच आहे.

मंगळवारी सकाळी गाडी तपासणी केंद्रात उभी राहिली. गडद हिरवा रंग असा बसला होता, की येणारा जाणारा मान वळवत होता. एमान वडिलांचा गॉगल लावून आली होती. तपासनीस तरुण होता, कामात चोख. माझी फाईल त्याने वाचली, बॅटरी घेतली, पुढचं झाकण उघडून चाकाच्या बाजूला वाकला, फडक्याने पुसलं आणि तिथेच थांबला. पुन्हा फाईल वाचली, पुन्हा वाकला. मग मला हाक मारली.

पत्र्यावर नंबर होता. एकोणसत्तरचा, जुन्या धाटणीच्या आकड्यांचा, जो माझ्या कागदाप्रमाणे भंगारात चिरडला गेला होता.

तपासनिसाने नंबराभोवतीचा पत्रा बोटाने चाचपला, लोहचुंबक लावून बघितलं, खालून बॅटरी मारली. जोड कुठेच नव्हता. मग तो हसला आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, पेपर गलत बनाया आपने. ये तो ओरिजिनल बॉडी है. पेपर ठीक करके दो दिन में आ जाओ, खलास." आणि एमानकडे वळून तो इंग्रजीत म्हणाला, अभिनंदन, अशा गाड्या आता मिळत नाहीत. एमानने दोन्ही हात तोंडावर घेतले. माझं काहीतरी चुकलं होतं आणि तिचं भलं झालं होतं, एवढंच तिला समजलं. ती मला मिठी मारून ऑफिसला निघून गेली.

मी लियाकतभाईंना पार्किंगच्या कोपऱ्यात गाठलं.

"लियाकतभाई, तो नंबर तिथे कसा आला?"

"लावला."

"कुठून लावला?"

"जुन्या बॉडीतून कापला. पिकअप आला त्याच्या आदल्या दिवशी." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनाच नवल वाटलं. "ताई, नंबराचा तुकडा कुणी भंगारात घालतं काय?"

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मला रडावं की ओरडावं कळेना. ते नवे आले तेव्हा त्यांच्या उस्तादाने त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, जोड दिसता कामा नये. दुसरी, ठोकर लागलेल्या गाडीचा पुढचा पत्रा बदलायचा असेल तर हातोडी उचलायच्या आधी नंबराचा तुकडा कापून, रुमालात बांधून खिशात ठेवायचा आणि शेवटी नव्या पत्र्यात बसवायचा. गाडीचं नाव हरवता कामा नये. तेव्हा सगळेच तसं करत. चौतीस वर्षांत लियाकतभाईंनी असे किती तुकडे बसवले असतील त्याची गणती नाही. त्यांच्या लेखी ती इमानदारी होती. तुकडा टाकून देणारा डेंटर हा कामचुकार.

"मला सांगायचं तरी!"

"तुम्ही विचारलं नाय. आणि डेंटर काय कागदवाल्यांना विचारून जोडतो?"

माझा पारा चढला. "अहो, चोरीच्या गाड्यांना असंच करतात! एकीचा नंबर कापायचा आणि दुसरीला चिकटवायचा. कायद्याला काय दिसतं सांगू? नंबर चिरडला गेला असं सर्टिफिकेट, आणि तोच नंबर गाडीवर. गुन्हा आहे हा!"

त्यांचा हलणारा पाय थांबला. "मी चोर?" त्यांनी विचारलं.

मी फाईल काखेत मारली आणि गाडीकडे निघाले. कुणाला तरी लागेल असं बोलून मग निघून जायची माझी जुनी खोड आहे.

संध्याकाळी प्रकाश दुबईहून निघून नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता, त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शोभना, यू आर जस्ट स्टाफ. पेपर करेक्ट कर आणि मोकळी हो. इन्स्पेक्टर स्वतः म्हणतोय ना ओरिजिनल आहे?" मग म्हणाला, "त्या डिक्लरेशनवर सही कुणाची आहे?" मी म्हटलं, माझी. "घरी येऊन बोलतो," तो म्हणाला.

मला बसवेना. ओट्यापाशी गेले, परत आले, कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले. कागद दुरुस्त करणं माझ्या हातात होतं. एक पान काढायचं, एक घालायचं. शुक्रवारी लियाकतभाई विमानात. पण सर्टिफिकेटची एक प्रत खात्यात जमा झालेली होती. आज ना उद्या, गाडी विकताना, अपघात झाला तर, विम्याच्या वेळी, कुणीतरी दोन कागद शेजारी ठेवणार. तेव्हा गाडीत बसलेली असणार एमान. वडिलांची गाडी तिच्यासमोर जप्त होणार आणि ती काय सांगणार? तिला तर काही माहीतच नाही.

बुधवारी सकाळपर्यंत मी एक तोडगा शोधून काढला होता आणि त्यावर खूश होते. लियाकतभाईंना शुक्रवारी जाऊ द्यायचं, तोवर तपासनिसाला कागद तयार होतायत असं सांगायचं. पंधरा दिवसांनी मी खात्यात जाऊन सांगायचं, की आमच्या एका डेंटरने आम्हाला न सांगता हे केलं, आता उघडकीस आलं, तो देश सोडून गेलाय. गाडीला नवा नंबर मिळेल, एमान सुटेल, मी सुटेन, आणि म्हसळ्याला जाऊन कोण काय करणार आहे? सगळ्यांच्या सोयीचं होतं ते. हजारदा असंच होतं इथे. जे काही बिघडतं ते देश सोडून गेलेल्या माणसाने बिघडवलेलं असतं.

लियाकतभाई त्या दिवशी माझ्या टेबलापाशी पाच वेळा आले आणि परत गेले. सहाव्यांदा मीच दार लावून घेतलं आणि त्यांना तोडगा सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकला.

"म्हणजे लियाकत परकार पळाला, असं लिहिणार तुम्ही."

"पळाला नाही हो. गेला, असं."

"दोन्ही एकच, ताई."

"मग एकच! गप्प राहा आणि विमानात बसा! कुणासाठी थांबायचंय तुम्हाला? ती बँकेतली बाई तुमची कोण लागते? तिकडे मैमुनाबी..." मी ओरडत होते. दाराबाहेर हातोड्यांचे आवाज थांबले होते.

"तिलाच काय सांगू?" ते म्हणाले. "चौतीस वर्षं काम केलं आणि शेवटी कागदावर काय? पळाला. आमच्या गावची निम्मी पोरं हाय इथे. उद्या कुणाचा कागद पुढे गेला, गाव म्हसळा वाचलं, की म्हणतील त्या लियाकतच्या गावचा." ते पुन्हा फेऱ्या मारू लागले. माझी खोली एवढीशी, तीन पावलांत भिंत. "आणि त्या मुलीला मी बोललो होतो, वडिलांची राहील. माझ्या जोडानेच तिची गाडी जाणार असेल, तर मी घरी जाऊन जेवू कसा? उद्या जाऊ या. मी दाखवतो त्यांना."

"आणि नाही सोडलं तुम्हाला? शुक्रवारी विमान आहे!"

"मला ठाऊक हाय शुक्रवार कधी हाय ते."

खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण माझ्या मनात आधी आली ती माझी सही, आणि मैमुनाबी आल्या त्या नंतर, लियाकतभाईंना गप्प करायला.

गुरुवारी सकाळी केंद्रात एमानला त्यांनी स्वतःच सांगितलं. गाडीशेजारी उभं राहून, अरबीत. मला शब्द नीट कळले नाहीत, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, वाक्य कुठपर्यंत आलंय. तिने गॉगल काढला. मग तिने एकच प्रश्न विचारला, आणि तो मला कळला. हे तुम्ही माझ्यासाठी केलंत?

"तुमच्या वडिलांसाठी," लियाकतभाई म्हणाले. जरा थांबून त्यांनी भर घातली, "थोडं जोडासाठीही." खोटं बोलायचं म्हटलं तरी त्या माणसाला जमत नाही.

तपासनिसाचा विश्वास बसेना. नवी बॉडी असल्याचं त्याने मान्य केलं असतं, तर मंगळवारी तोच चुकला असं झालं असतं. त्याने पुन्हा बॅटरी मारली, पुन्हा चाचपलं. "कहाँ है जॉइंट? दिखाओ." त्याला वाटत होतं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर ऊन चढलंय. लियाकतभाईंनी खिशातून सँडपेपर काढला. घरून निघताना घडी करून घेतला होता त्यांनी. ते वाकले आणि गेल्या महिन्यात त्यांनीच चढवलेला हिरवा रंग घासायला लागले. मी दहा मिनिटं बघत उभी होते. आधी हिरवा गेला, मग खालचा राखाडी, मग लखलखीत पत्रा. त्या पत्र्यावर नंबराच्या चारी बाजूंनी एक रेघ उमटली. केसाएवढी बारीक. ती कुठे आहे हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा आम्हाला दिसली.

तपासनिसाने आतून दोन माणसं बोलावली. त्यांनी आणखी एकाला बोलावलं. सगळे वाकून बघत होते आणि फोटो काढत होते. त्यांच्यातला वयस्क अधिकारी बराच वेळ रेघेवरून नख फिरवत राहिला, नख कुठे अडकलं नाही. "माशाल्ला," तो पुटपुटला. मग सरळ उभा राहिला आणि लियाकतभाईंचा पासपोर्ट नंबर लिहून घेतला.

त्यांना कुणी वाईट वागवलं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. माझा जबाब झाला, त्यांचा झाला. एमानने 'माझी काही तक्रार नाही' असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं आणि जाताना लियाकतभाईंना सलाम केला, पण माझ्याकडे न बघता गेली. गाडीला नवा नंबर मिळेल, कार्डावर शेरा येईल, सहा महिन्यांपूर्वी मी सांगितलं होतं अगदी तसंच. नंबर कापून बसवल्याची फाईल मात्र पुढे पोलिसांकडे जाणार. निकाल लागेपर्यंत लियाकतभाईंना देश सोडता येणार नाही. किती दिवस? वयस्क अधिकाऱ्याने हात पसरले. पंधरा दिवस, दोन महिने, सांगता येत नाही, हबीबी.

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही माझ्या गाडीत येऊन बसलो. एसीची हवा गरमच येत होती. लियाकतभाईंनी फोन लावला. हात नेहमी पत्र्याच्या धुळीत असल्यामुळे ते फोन कायम स्पीकरवर ठेवतात, आजही तसाच ठेवला. मी उतरायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं.

मैमुनाबींनी लगेच उचलला. "बोला."

"उद्या नाय होणार यायला," लियाकतभाई म्हणाले. "एक कागद अडकलाय. तब्येत बरी हाय, तसं काय नाय. कागद अडकलाय फक्त."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. "बरं," मैमुनाबी म्हणाल्या. "किती दिवस?"

"बघू. इन्शाल्ला, लवकर."

"बरं."

लियाकतभाईंना तो 'बरं' सोसवेना. ते सीटवर पुढे मागे होऊ लागले. "तुला त्रास होईल आता," ते म्हणाले. "शेजारीपाजारी विचारतील. तुझ्या भावाला सांग, मुंबईला घ्यायला येऊ नको. आणि बाकीच्यांना..."

"कुणी येणार नव्हतं घ्यायला," मैमुनाबी म्हणाल्या. "मी कुणाला सांगितलंच नाय तुम्ही येणार म्हणून."

"का?"

"मागं तीन वेळा सांगितलं होतं. कायमचे येतायत म्हणून. मग घरोघर जाऊन परत सांगायचं, नाय येत. या खेपेला म्हटलं, दारात उभे राहिलात की कळेल सगळ्यांना." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "जेवलात काय?"

"जेवतो आता," लियाकतभाई म्हणाले आणि फोन बंद केला. मी गाडी सुरू केली.